गोंडोलाच्या हद्दीबाहेर: गुलमर्गच्या उतारांवर हिमस्खलन चुकवत फिरताना

गुलमर्गचा गोंडोला, म्हणजे केबल कार, दोन टप्प्यांत चढतो. पहिला साधारण २६५० मीटरवरून कोंगडोरीला, म्हणजे ३१०० मीटरच्या आसपास नेतो. दुसरा तिथून अफरवट डोंगराच्या खांद्यावर, ३९०० मीटरच्याही वर. वरच्या स्टेशनातून बाहेर पडल्यावर समोर जो खोलगट उतार दिसतो तो स्की पेट्रोलच्या, म्हणजे उतारांवरच्या सुरक्षा पथकाच्या ताब्यात असतो. मोठी हिमवृष्टी झाली की तिथे स्फोटकं लावून साचलेला बर्फ मुद्दाम पाडतात आणि मगच उतार खुला करतात. त्या पट्ट्याच्या कडेला गेलात की हे काहीही नसतं. बर्फ तोच, उतार तोच, डोळ्याला फरक कळत नाही. १ फेब्रुवारी २०२३ रोजी हापतखुदच्या बाजूला दोन पोलिश स्कीपटू हिमस्खलनात गेले, २२ फेब्रुवारी २०२४ रोजी एक रशियन. त्याआधी ८ फेब्रुवारी २०१० रोजी खिलनमर्गला सैन्याच्या हाय ऑल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलचे १७ जवान गेले होते, आणि बर्फात वावरण्याचं रीतसर प्रशिक्षण हेच त्यांचं काम होतं.

पुढचं सगळं त्या हद्दीबाहेर, स्कीच्या तळाला स्किन (मागे घसरू न देणारी पट्टी) चिकटवून किंवा स्नोशू (बर्फात न रुतणारे रुंद तळवे) घालून चढणाऱ्यांसाठी आहे. दोन-तीन हिवाळे तयार उतारांवर काढले की मराठी मंडळींनाही बाहेरच्या कोऱ्या बर्फाची ओढ लागते, ते साहजिक आहे. आम्ही दिवस ज्या क्रमाने काढतो तोच क्रम ठेवला आहे.

मुंबईहून सकाळच्या विमानाने निघालेला माणूस संध्याकाळी २६५० मीटरवर झोपतो आणि दुसऱ्या दिवशी गोंडोलाने थेट ३९०० मीटरवर पोचतो. डोकं दुखत असताना, मळमळत असताना उतार वाचता येत नाही. त्यामुळे गुलमर्गमध्ये दोन रात्री काढल्याशिवाय दुसऱ्या टप्प्याचं तिकीट घेत नाही. या दोन दिवसांत खालच्या सपाट मैदानात बीकनचा, म्हणजे गाडलेला माणूस शोधण्यासाठी सिग्नल पाठवणाऱ्या आणि पकडणाऱ्या यंत्राचा सराव होतो. तो केवळ वेळ घालवण्यासाठी नाही, ते पुढे येईलच. फोनबद्दल एक व्यवहाराची गोष्ट: महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालतं. आणि परवान्याशिवाय सॅटेलाइट फोन किंवा सॅटेलाइट मेसेंजर जवळ बाळगणं भारतात गुन्हा आहे. परदेशातून आलेल्या मित्राने आणला तरी तो विमानतळावरच अडकतो.

दिवसाची सुरुवात आदल्या संध्याकाळी होते. डीजीआरई, म्हणजे चंदीगडची संरक्षण खात्याची संस्था, हिमस्खलनाचा इशारा काढते. बर्फ आणि हिमस्खलनाचा अभ्यास करणारी मनालीची जुनी ‘सासे’ २०२० मध्ये तिच्यातच विलीन झाली. इशारा जिल्हावार आणि उंचीनुसार असतो. गुलमर्ग बारामुल्ला जिल्ह्यात येतं. हा इशारा रस्ते, वस्त्या आणि चौक्या डोळ्यांसमोर ठेवून काढलेला असतो, हे लक्षात ठेवायचं. कोणत्या दिशेच्या कोणत्या उतारावर धोका आहे हे त्यात नसतं, ते आपल्याला शोधावं लागतं. युरोप-अमेरिकेतल्या धोक्याच्या पाच पायऱ्यांच्या मापात सर्वांत जास्त माणसं तिसऱ्या पायरीला मरतात. चौथ्या-पाचव्या पायरीला लोक घरी बसतात. तिसरीला ऊन पडलेलं असतं, बर्फ ताजा असतो आणि ‘मधलाच आकडा तर आहे’ असं वाटतं.

इशाऱ्यानंतर तीन प्रश्न. गेल्या २४ तासांत किती बर्फ पडला? ३० सेंटीमीटर किंवा जास्त असेल तर दुसऱ्या दिवशी ३० अंशांपेक्षा तीव्र उताराचा विषय बंद. तासाला दोन-तीन सेंटीमीटरच्या वेगाने पडला असेल तर आणखी वाईट, कारण खालच्या थराला भार सोसून घ्यायला वेळच मिळत नाही. दुसरा प्रश्न वाऱ्याचा. ताशी २५ किलोमीटरच्या पुढे वारा सुटा बर्फ उचलून नेतो आणि धारेच्या आडोशाच्या बाजूला टाकतो. आकाशातून २० सेंटीमीटर पडलेला असताना आडोशाला मीटरभर साचलेला सापडतो. या भागात पश्चिमी विक्षोभाबरोबर येणारा वारा बहुधा पश्चिमेकडचा, म्हणजे अफरवटची गोंडोलाकडची, पूर्वेची बाजूच भरते. नेमकी स्कीला उत्तम तीच. तिसरा प्रश्न तापमानाचा: रात्री ढग होते की आकाश मोकळं, आणि उद्या ऊन किती.

चौथी गोष्ट एका संध्याकाळी कळत नाही, ती आख्ख्या मोसमाची असते. काश्मिरात २१ डिसेंबरला चिल्लई कलान लागतो, कडाक्याच्या थंडीचा चाळीस दिवसांचा काळ. डिसेंबरच्या सुरुवातीला थोडा बर्फ पडून मग तीन आठवडे आकाश स्वच्छ राहिलं, तर तो मोसम आम्ही संशयाने पाहतो. जमिनीलगत तापमान शून्याच्या आसपास टिकतं आणि वरचा पृष्ठभाग रात्री उणे १२ पर्यंत जातो. बर्फ ६० सेंटीमीटरच जाड असेल तर दर १० सेंटीमीटरला दोन अंशांचा फरक झाला. एक अंश पुरेसा असतो. या फरकामुळे खालची वाफ वर सरकते आणि कण एकमेकांना धरून ठेवायच्या ऐवजी मोठे, कोनदार, सुटे होतात. मुठीत घेतला तर साखरेसारखा रवाळ, गोळा म्हणून होत नाही. फेब्रुवारीत त्यावर मीटरभर नवा बर्फ पडतो, दाबून घट्ट होतो, आणि पाया मात्र तोच राहतो. असा खालचा थर आठवडे-महिने तसाच राहू शकतो. ‘शेवटच्या हिमवृष्टीला चार दिवस झाले, आता बसला असेल’ हा हिशोब नव्या बर्फापुरता बरा. रवाळ पायावर तो लागू नाही.

यानंतर नकाशा. इथे सह्याद्रीत घडलेली सवय आडवी येते. आपण नाळेने, म्हणजे डोंगरातल्या घळीतून, चढायला शिकलो. नाळ म्हणजे वाट, दोन्ही बाजूंना आधार, वर खिंड. बर्फात नाळ ही सर्वांत वाईट जागा. वरच्या दोन्ही कुशींचा बर्फ तिच्यातच उतरतो, बाजूला पळायला जागा नसते, आणि थोडा बर्फ सुटला तरी तळाशी तो खोल साचतो. उघड्यावर गुडघ्यापर्यंत येईल एवढा बर्फ घळीच्या तळाशी माणसाला दोन मीटर गाडू शकतो. बर्फातली वाट सोंडेवरून किंवा धारेवरून, नाहीतर दाट झाडीतून. वाऱ्याने धारेवरचा बर्फ उडून खालचे खडक दिसत असले तर आणखी चांगलं. स्की खरवडली जाते, ते चालतं. फक्त धारेच्या आडोशाच्या कडेला कॉर्निस असतो, वाऱ्याने बाहेर लोंबवलेला बर्फाचा सज्जा. तो कुठून तुटेल ते वरून कळत नाही आणि भेग अनेकदा अंदाजापेक्षा बरीच आत पडते, म्हणून कडेपासून चांगलं लांब राहायचं.

कोन हा सगळ्यात भरवशाचा आकडा. स्लॅब पद्धतीची स्खलनं, म्हणजे घट्ट झालेली आख्खी लादी एकदम सुटते ती, बहुतेक ३० ते ४५ अंशांत होतात आणि ३८ अंशांच्या आसपास सर्वांत जास्त. बर्फाबद्दलचं आमचं मत चुकू शकतं; कोन मोजता येतो. शंका असली की चर्चा न करता आम्ही २५ अंशांखाली येतो. ५० हजारांत एक प्रमाणाच्या नकाशावर समोच्च रेषा ४० मीटरच्या असतील तर ३० अंशांवर दोन रेषांमध्ये सुमारे १.४ मिलिमीटर अंतर उरतं. त्याहून जवळ आल्या की तो उतार संशयित. नकाशात लहान टप्पे मात्र लपतात. १५ मीटर उंचीचा ३८ अंशांचा तुकडा दोन रेषांमध्ये सहज हरवतो आणि माणूस गाडायला तेवढा पुरतो. म्हणून उतारावर क्लायनोमीटर, म्हणजे कोन मोजायचं साधन. तो नसेल तर दोन स्की-काठ्या. १२० सेंटीमीटरच्या काठीवर टोकापासून ६९ सेंटीमीटरवर रंगीत टेप गुंडाळा. ती काठी उताराच्या पृष्ठभागावर उभी धरा आणि तेवढ्याच लांबीची दुसरी काठी टेपेच्या खुणेपासून उताराच्या दिशेने आडवी धरा. तिचं टोक बर्फाला नेमकं टेकलं तर ३० अंश. टोक आधीच बर्फात घुसलं तर उतार त्याहून तीव्र.

स्वतःच्या पायाखालचा कोन मोजून थांबू नका. आपण २० अंशांवर असलो आणि डोक्यावर ३५ अंशांचा उतार त्याला जोडलेला असला, तर खालून दिलेला धक्का थरातून वर जाऊन तो उतार सोडवू शकतो. शिवाय बर्फ कुठवर वाहत येईल हा वेगळाच प्रश्न. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी उत्तराखंडात माण्याजवळ रस्तेबांधणीच्या छावणीवर स्खलन आलं. ५४ कामगारांतले ८ गेले. ४ एप्रिल २०२३ रोजी सिक्कीममध्ये नाथूलाच्या रस्त्यालगत ७ पर्यटक स्खलनात गेले. यांतलं कोणीच तीव्र उतारावर चढत नव्हतं. जेवायला बसण्याची जागा, तंबूची जागा आणि फोटोला थांबायची जागाही वरचा उतार पाहून निवडायची असते. एका बाजूला वाढलेली, फांद्या मोडलेली झाडं किंवा जंगलातला सरळ उभा मोकळा पट्टा दिसला तर तिथून बर्फ नेहमी येतो असं धरा.

सकाळची तपासणी पंधरा मिनिटांची. प्रत्येकाकडे बीकन, प्रोब (बर्फात खुपसून माणूस शोधायची घडीची लांब काठी) आणि फावडं. या तिन्हींपैकी एक नसेल तर त्या दिवशी तो माणूस गोंडोलाच्या हद्दीतच स्की करतो. बीकन ४५७ किलोहर्ट्झवर चालतं आणि सगळ्या कंपन्यांची एकमेकांशी जुळतात, पण भाड्याने घेताना तीन अँटेनांचंच मागा. जुनी एक अँटेनावाली शिकायला वेळ लागतो आणि घाईत हमखास गोंधळवतात. बॅटऱ्या चांगल्या प्रतीच्या अल्कलाइन, घरूनच घेऊन जा. रिचार्जेबल बहुतेक बीकनमध्ये चालत नाहीत, कारण त्या शेवटपर्यंत भरलेल्या दिसतात आणि अचानक संपतात. ६० टक्क्यांखाली आकडा आला की बदला. प्रोब किमान २४० सेंटीमीटर. एकदा झटकून पूर्ण जोडून, लॉक बसतो ना ते पाहा. भाड्याच्या प्रोबची दोरी बरेचदा ताणून सैल झालेली असते आणि ऐन वेळी सांधे सुटतात. फावडं धातूचं. साचून थांबलेला स्खलनाचा बर्फ घट्ट होतो, प्लास्टिकचं पातं त्यात वाकतं किंवा तुटतं.

बीकन आतल्या थरावर बांधायचं, जाकीट काढलं तरी अंगावर राहील असं. फोन, कॅमेरा, तापणारे हातमोजे, ब्लूटूथचं घड्याळ या सगळ्यांचा त्याला त्रास होतो. पाठवताना किमान २० सेंटीमीटर आणि शोधताना ५० सेंटीमीटर अंतर हवं. फोन एअरप्लेन मोडवर मांडीच्या खिशात. मग गटाची तपासणी: सगळे बीकन शोधण्यावर ठेवतात, पुढारी पाठवण्यावर, आणि प्रत्येकाला त्याचा सिग्नल येतो का पाहतो. नंतर उलट. पुढारी शोधण्यावर ठेवून थोडा पुढे उभा राहतो, बाकीचे पाठवण्यावर ठेवून दहा-दहा मीटर अंतराने एकेक करून त्याच्या पुढून जातात. शेवटी पुढाऱ्याने स्वतःचं परत पाठवण्यावर नेलं की नाही, हे दुसऱ्याने मोठ्याने विचारायचं. विसरतो तो बहुधा पुढारीच. एअरबॅग (ओढताच फुगून माणसाला बर्फाच्या वर ठेवायला मदत करणारी पाठपिशवी) असेल तर उत्तम, पण गॅसच्या सिलिंडरला विमान कंपनीची आगाऊ परवानगी लागते. तिकीट काढतानाच विचारा.

चढताना पहिला तासभर बोलणं कमी आणि बघणं जास्त. काल-परवा पडलेलं ताजं स्खलन कुठे दिसतं का, आणि दिसलं तर कोणत्या दिशेच्या आणि किती उंचीच्या उतारावर? यापेक्षा पक्का पुरावा नाही. तसाच दुसरा उतार आजच्या यादीतून गेला. पावलाखाली ‘व्हुम्फ’ असा दबका आवाज येऊन बर्फ जरा खचला, तर खालचा कमकुवत थर कोसळला. आपण सपाटीवर होतो म्हणून काही झालं नाही. स्कीच्या टोकापासून भेग पुढे धावत गेली तरी अर्थ तोच. या तीनपैकी एकही दिसलं तर थर तपासायला खड्डा खणायची गरज उरत नाही, उत्तर मिळालेलं असतं. काठी उलटी धरून मुठीच्या बाजूने बर्फात खुपसत जाण्याची सवयही चांगली. वरचा थर घट्ट आणि खाली हात एकदम मोकळा जात असेल तर वजनदार स्लॅब पोकळ पायावर बसला आहे.

आधी उतरून गेलेल्यांच्या रेघा पुरावा नव्हेत. स्लॅब सर्वत्र सारखा जाड नसतो; दहा जण जाड भागावरून गेले आणि अकरावा पातळ कडेला, एखाद्या खडकाजवळ वळला की तिथे त्याचं वजन कमकुवत थरापर्यंत पोचतं. गुलमर्गमध्ये वादळानंतर दुसरा टप्पा एक-दोन दिवस बंद राहतो आणि उघडल्यावर पहिल्या तासात सगळे बाहेर धावतात. त्या गर्दीत ‘आपल्यासाठी कोरा उतार उरणार नाही’ ही भीती हिमस्खलनाच्या भीतीपेक्षा मोठी होते. रविवारचं परतीचं विमान हाही एक धोक्याचा घटक आहे, विनोदाने सांगत नाही.

आता खड्डा. आधी प्रोबने पाच-सहा ठिकाणी खोली पाहतो आणि सरासरीपेक्षा किंचित उथळ जागा घेतो, कारण कमकुवत थर तिथे पृष्ठभागाजवळ सापडतो. जागा आपल्याला जायचंय त्याच दिशेची, साधारण त्याच उंचीची, पण २५ ते ३० अंशांची आणि वर काही लोंबत नसलेली. झाडांपासून आणि जुन्या रेघांपासून लांब, नाहीतर दबलेला बर्फ मोजला जातो. दीड मीटर रुंद, सव्वा ते दीड मीटर खोल. दोघांनी मिळून दहा-बारा मिनिटं. उताराच्या वरच्या बाजूची भिंत फावड्याने सरळ तासायची, आणि तिच्या माथ्यावर कोणी पाय द्यायचा नाही.

भिंतीत थर बोटाने शोधायचे. मूठ आत जाते, चार बोटं जातात, एक बोट जातं, पेन्सिल जाते की फक्त सुरीच जाते, या क्रमाने कडकपणा लिहायचा. पेन्सिलच्या कडकपणाचा थर मुठीच्या थरावर बसलेला दिसला की तिथे बोट थांबतं. भिंगाखाली त्या मऊ थराचे कण कोनदार, चमकणारे दिसले तर तोच तो रवाळ बर्फ. कधी मध्येच सेंटीमीटरभर जाडीची, पिसांसारख्या कणांची बारीक रेघ दिसते. स्वच्छ थंड रात्री पृष्ठभागावर धरलेलं हिमदव नंतरच्या बर्फाखाली गाडलं गेलं की असं होतं. डोळ्याला सुंदर आणि पायाखाली घातक.

मग चाचणी. उतारावर आडवा ९० सेंटीमीटर आणि उताराच्या दिशेने ३० सेंटीमीटर, असा स्तंभ बाजूंनी आणि पाठीमागून कापून मोकळा करायचा. पाठीमागचा काप गाठी मारलेल्या दोरीने दोघे मिळून करवतीसारखा ओढतात. स्तंभाच्या एका टोकावर फावड्याचं पातं ठेवून दहा वेळा मनगटातून, दहा वेळा कोपरातून, दहा वेळा खांद्यातून हात सोडून थापायचं. कितव्या थापेला भेग पडली हे लिहायचं, पण खरं महत्त्व दुसऱ्या गोष्टीला: भेग त्याच किंवा पुढच्याच थापेला ९० सेंटीमीटर आरपार धावली का? धावली तर थर नुसता तुटत नाही, तुटणं पसरतं, आणि उतार सुटायला तेच लागतं. त्या दिवशी तो उतार नाही. बाराव्या थापेला आरपार गेली म्हणून ‘थोडा कमी वाईट’ असं आम्ही धरत नाही.

उलट भेग आरपार गेली नाही, तर? याचा अर्थ ‘जा’ असा होत नाही. नवशिक्यांना पटायला हेच सर्वांत जड जातं. खड्डा एका जागेबद्दल सांगतो. वीस मीटरवर वाऱ्याने थर पातळ केलेला असू शकतो. कमकुवत थर मीटरभरापेक्षा खोल असला तर थापेचा धक्का तिथवर पोचतच नाही, पण उथळ जागेवरून स्कीपटूचा पोचतो. स्तंभ कापताना तो तिरपा झाला, थापणाऱ्याचा हात जड किंवा हलका पडला, की आकडा बदलतो. म्हणून खड्ड्याचा उपयोग आम्ही ‘नाही’ म्हणण्यासाठीच करतो. ‘हो’ संध्याकाळच्या नकाशातून यावं लागतं, आणि नकाशात नसलेला तीव्र उतार आम्ही खड्ड्याच्या जोरावर दिवसात घुसवत नाही. धोका वाढलेला असेल तर बाबारेशी किंवा द्रंगच्या बाजूची झाडीतली उतरण बरी. तीही सरसकट नाही. झाडी एवढी विरळ असेल की त्यातून मजेत स्की करता येते, तर बर्फालाही त्यातून वाहायला जागा आहे.

उतार ओलांडायचा ठरला तर एका वेळी एकच. बाकीचे सुरक्षित बेटावर, म्हणजे सोंडेवर किंवा जाड झाडीमागे, आणि नजर जाणाऱ्यावर. काठ्यांचे मनगटपट्टे आधीच काढलेले. स्कीला पायाशी दोरी बांधलेली नाही. गाडल्यावर काठी आणि स्की माणसाला खाली ओढून धरतात. मधे थांबायचं नाही, पडायचं नाही, पडलेल्याला उचलायला दुसऱ्याने जायचं नाही. उतार शक्य तितक्या वरून ओलांडायचा. वर राहिलं तर सुटणारा बर्फ पायाखाली असतो, डोक्यावर नाही. मार्चमध्ये गणित निराळं होतं. दक्षिण आणि पूर्वेच्या उतारांवर ऊन लागताच वरचा थर ओला होतो, खडकांजवळून बर्फाचे गोळे घरंगळायला लागतात आणि बूट घोट्यापर्यंत रुतायला लागतो. दुपार व्हायच्या आत खाली यायचं असतं, गोळे दिसले तर लगेच.

तरीही सुटला तर. अडकलेल्याने ओरडायचं, एअरबॅग ओढायची, काठ्या सोडायच्या आणि बाजूला निसटायचा प्रयत्न करायचा. बर्फ मंदावायला लागला की हात तोंडासमोर. एकदा थांबला की बोटही हलवता येत नाही, त्यामुळे तोंडापुढची पोकळी त्याआधीच तयार व्हावी लागते. गाडलेले बहुतेक लोक गुदमरून मरतात. पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलेल्यांपैकी दहात नऊ वाचतात. अर्ध्या तासाने तिघांत एक. बाहेरची मदत इतक्या वेळात येत नाही, म्हणजे शोधणारे आणि खणणारे तेवढेच, जे आत्ता उतारावर आहेत. खालच्या मैदानातला सराव यासाठीच.

बघणारा नजर हलवत नाही; शेवटचा दिसला तो बिंदू लक्षात ठेवतो. पुढारी वर पाहतो, दुसरा बर्फ सुटण्यासारखा आहे का. मग माणसं मोजतो. सगळ्यांची बीकन शोधण्यावर. एक जण जरी पाठवत राहिला तर सगळे त्याच्याकडेच धावतात, आणि सरावात हा गोंधळ दर वेळी कोणीतरी करतोच. मदतीचा फोन, ११२ किंवा स्की पेट्रोल, एकाने करायचा आणि शोधणाऱ्यांपासून लांब उभं राहून. शोध शेवटच्या बिंदूपासून खाली. शोधणारा एकच असेल तर साचलेल्या बर्फावर नागमोडी, दोन फेऱ्यांत ४० मीटर. जास्त असतील तर ४० मीटर अंतराने समांतर. डोळेही वापरायचे: बाहेर आलेला हातमोजा, स्कीचं टोक. वस्तू ओढून पाहायची, खाली माणूस असू शकतो.

सिग्नल आला की बाण आणि आकडा. वाट सरळ नसते, बीकनची चुंबकीय रेषा वाकडी असते, तेव्हा बाण वळला की वळायचं. आकडा वाढायला लागला तर उलट्या दिशेला निघालात. दहा मीटरच्या आत वेग कमी, तीन मीटरच्या आत बीकन बर्फाला टेकवून. इथून बीकन फिरवायचं नाही, एकाच दिशेला धरून आधी सरळ रेषेत पुढे-मागे, मग आडवं. सर्वांत लहान आकडा जिथे, तिथे खूण. इथेच जास्त वेळ वाया जातो. आकडा १.२ आहे की १.१, यावर अडकू नका, प्रोब काढा. पृष्ठभागाला काटकोनात, उभा नव्हे. २५ सेंटीमीटर अंतराने चक्राकार बाहेर जात. माणसाला लागला की किंचित स्पंजी अडथळा जाणवतो, जमीन टणक लागते. लागला की प्रोब तसाच ठेवायचा, काढायचा नाही.

खणणं प्रोबजवळ सुरू करू नका, तिथे माणसाच्या डोक्यावर उभे राहाल. प्रोबवर खोली वाचा आणि तिच्या दीडपट अंतर उताराच्या खालच्या बाजूला जा; मीटरभर खोल असेल तर दीड मीटर. तिथून आडवं आत खणत जायचं. पुढचा माणूस बर्फाचे ठोकळे कापतो, मागचे ते खाली लोटतात, फावड्याने बर्फ खांद्यावरून फेकत नाहीत. दर एक-दोन मिनिटांनी पुढचा बदलायचा, थकण्याची वाट पाहायची नाही. मीटरभर खोलीला टनभर तरी बर्फ हलवावा लागतो; शोध चार मिनिटांत लागला तरी खणण्यात दहा जातात. चेहरा आधी. तोंडातला बर्फ काढा, छातीवरचा भार हलका करा, श्वास नसेल तर पाच श्वास द्या आणि मग ३० दाब, दोन श्वास. त्याचं बीकन बंद करा, अजून कोणी गाडलेलं असेल तर. आडवाच ठेवा, हळू हलवा, कोरडं गुंडाळा; गार पडलेलं हृदय धक्क्याने बिघडतं.

संध्याकाळी हॉटेलवर पोचल्यावर वही. कोणत्या दिशेला, कोणत्या उंचीवर काय दिसलं. व्हुम्फ कुठे झाला. खड्ड्यातला कमकुवत थर वरून किती सेंटीमीटरवर होता. वारा कुठून होता. ठरवलेल्यापैकी काय सोडलं आणि का. पुढच्या हिमवृष्टीत तोच थर आणखी खोल जातो आणि वहीत नसेल तर विस्मृतीतही. मोसम संपला की बीकनमधल्या बॅटऱ्या काढून ठेवायच्या. मुंबईच्या पावसाळ्यात त्या आत गळतात आणि टर्मिनल खाऊन टाकतात.